मधली दोन मीटर वायर: जुना सिंथ नव्या लॅपटॉपला जोडताना

पुण्यात बऱ्याच माळ्यांवर एखादा जुना सिंथ (सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), रोलँड एक्सपी, यामाहा पीएसआर किंवा नशीब जोरावर असेल तर डीएक्स७ चादरीत गुंडाळून पडलेला असतो. तो बिघडलेला असतोच असं नाही. 'कॉम्प्युटरला लागत नाही' एवढ्याच आरोपावरून त्याची रवानगी वर झालेली असते. खरं तर मिडीचं, म्हणजे 'कोणता सूर, किती जोरात' हे यंत्रांनी एकमेकांना कळवायच्या भाषेचं, मानक १९८३ साली आलं आणि त्या वर्षीचा कीबोर्ड आजच्या आयपॅडशी अगदी नीट बोलतो. घोडं अडतं ते मधल्या दोन मीटर वायरपाशी, नाहीतर मेनूत लपलेल्या एखाद्या सेटिंगपाशी.

कीबोर्ड खाली काढला की आधी मागच्या प्लेटवरचं व्होल्टेज वाचा. जपानच्या बाजारासाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं ११७ किंवा १२०चं. आपल्या भिंतीत २३० आहेत. प्लग आपल्या सॉकेटात बसला म्हणजे यंत्र आपल्या विजेचं झालं, असं होत नाही. सरळ लावलं तर नशिबाने फ्यूज जाईल, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल आणि तसा दुसरा मिळवताना नाकी नऊ येतील. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेताना १०० व्होल्टच्या यंत्राला १०० व्होल्टचाच टॅप मागा, ११०चा 'चालून जाईल' म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. प्लेटवर लिहिलेल्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, आणि दोन वेगळ्या वाइंडिंगचा घ्या. एकाच वाइंडिंगचा ऑटो-ट्रान्सफॉर्मर स्वस्त असतो, पण तो यंत्राला मुख्य लाइनपासून अलग करत नाही. ॲडॅप्टरवर चालणारा कीबोर्ड असेल तर पिनचं धन-ऋण तपासा. यामाहाच्या १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरला सहसा मध्यभागी धन असतं, जुन्या कॅसिओंना बहुधा मध्यभागी ऋण. कीबोर्डवर सॉकेटशेजारी छोटं चित्र छापलेलं असतं, तेच प्रमाण मानायचं.

आता सॉकेटं. पाच भोकांची गोल सॉकेटं दिसली आणि त्यांवर इन, आउट, थ्रू लिहिलेलं असलं की काम सोपं. मात्र पाच भोकं दिसली म्हणजे मिडीच, असं समजू नका. रोलँडच्या टीआर-८०८, टीआर-६०६, टीबी-३०३ यांवर अगदी तसंच दिसणारं सॉकेट असतं, त्याचं नाव सिंक. त्यात नोट्स नसतातच. एका पिनेवर स्टार्ट-स्टॉप आणि दुसरीवर एका मात्रेला २४ ठोके, एवढाच कारभार. तिथे मिडीची वायर खुपसून उपयोग नाही, त्यासाठी मिडी क्लॉकचं सिंकमध्ये रूपांतर करणारी वेगळी डबी लागते. मिडीच्याही आधीच्या यंत्रांवर, म्हणजे एसएच-१०१, एमएस-२० वगैरेंवर, सीव्ही (सुराची उंची सांगणारं व्होल्टेज) आणि गेट (सूर चालू-बंद करणारा सिग्नल) यांचे जॅक असतात. तिथे मिडी-टू-सीव्ही कन्व्हर्टर लागतो आणि घेताना यंत्राची पद्धत सांगावी लागते. एसएच-१०१ एका सप्तकाला एक व्होल्ट मोजतो, कॉर्गचा एमएस-२० हर्ट्झला व्होल्ट मोजतो आणि त्याचा ट्रिगरही उलटा असतो. चुकीची जोडी लावली तर सप्तक आखडतं किंवा ताणलं जातं, आणि माणूस उगाच ट्यूनिंगचे स्क्रू पिळत बसतो.

नव्वदीच्या दशकातल्या यामाहा पीएसआरवर आणखी एक फसवं प्रकरण असतं: 'टू होस्ट' नावाचं आठ पिनांचं छोटं गोल सॉकेट आणि शेजारी 'होस्ट सिलेक्ट'चा सरकता खटका. खटका मॅक किंवा पीसी-२ वर असेल तर मिडीची गोल सॉकेटं मुकी होतात. वायर, इंटरफेस (कीबोर्ड आणि लॅपटॉप यांच्या मधली यूएसबी-मिडी डबी), लॅपटॉप सगळं बदलून पाहिल्यावर हा खटका सापडणारे पुष्कळ आहेत. तो 'मिडी'वर सरकवा आणि टू होस्ट विसरा. जुन्या पीसीच्या जॉयस्टिक पोर्टात लागणारी १५ पिनांची मिडी केबल घरात असेल तर तीही विसरा. तिला यूएसबी जोडण्या लावून चालवायचा प्रयत्न सहसा फसतो, कारण त्या जोडण्या जॉयस्टिकच्याच कामापुरत्या असतात.

आता मुख्य मुद्दा, इंटरफेस. मिडीच्या वायरीतून व्होल्टेजपेक्षा करंट महत्त्वाचा असतो, सुमारे ५ मिलिॲम्पियर. पाठवणारं यंत्र तो चालू-बंद करतं आणि घेणाऱ्या यंत्रात ऑप्टोकपलर बसवलेला असतो. त्याच्या आतला छोटा एलईडी लुकलुकतो आणि समोरचा ट्रान्झिस्टर ते वाचतो. दोन यंत्रांत विजेचा थेट संबंध राहत नाही, म्हणून मिडीच्या वायरीतून हमिंग येत नाही. ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणाऱ्या, निळा दिवा लुकलुकणाऱ्या बिननावाच्या यूएसबी-मिडी केबलींत नेमकी इथेच काटकसर केलेली असते. कधी ऑप्टोकपलर नसतोच, कधी असून त्याभोवतीचे रेझिस्टर चुकीचे. मग लॅपटॉपकडून कीबोर्डकडे नोट्स जातात पण उलट येत नाहीत, किंवा हळू वाजवलं तर येतात आणि तान घेतली की मधले सूर गळतात. त्यांचा दुसरा दोष म्हणजे अगदी लहान बफर, म्हणजे डेटा तात्पुरता साठवायची जागा. साधी नोट तीन बाइटची असते, ती निघून जाते. हजारो बाइटांचा सिस-एक्स (यंत्रातले आवाज आणि सेटिंग एकगठ्ठा नेणारा संदेश) पाठवला की मधले तुकडे गायब होतात. अशी केबल घेऊन पैसे वाचत नाहीत. ती बाजूला पडते आणि दुसरी घ्यावी लागते.

रोलँडचा यूएम-वन एमके२, आयकनेक्टिव्हिटीचा मिओ, एम-ऑडिओचे मिडीस्पोर्ट हे नेहमीचे, भरवशाचे पर्याय. यूएम-वन एमके२वर एक छोटा खटका आहे: टॅबलेटसाठी एक बाजू, कॉम्प्युटरसाठी दुसरी. टॅबलेटच्या बाजूला तो क्लास-कम्प्लायंट असतो, म्हणजे ड्रायव्हर न टाकता चालतो. आयपॅडला तसाच लागतो, आणि लॅपटॉपवरही ड्रायव्हर टाकायचा कंटाळा असेल तर तीच बाजू ठेवून बघायला हरकत नाही. खटका बदलल्यावर यूएसबी काढून परत लावायची. जुन्या, ड्रायव्हरवर चालणाऱ्या इंटरफेसपासून सावध राहा. कंपनीने नव्या विंडोज किंवा मॅकसाठी ड्रायव्हर काढला नसेल तर उत्तम स्थितीतली डबीही नुसतं वजन ठरते. कीबोर्ड एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र पोर्ट देणारा इंटरफेस बरा. एकाच्या थ्रूवरून (आलेला सिग्नल तसाच पुढे देणारं सॉकेट) पुढच्याच्या इनमध्ये अशी साखळी लांबवत नेली की प्रत्येक ऑप्टोकपलर सिग्नलचे कोपरे थोडे घासतो, आणि तीन-चार यंत्रांनंतर चुका व्हायला लागतात.

आयपॅड यूएसबी-सीचा असेल तर साधं कन्व्हर्टर पुरतं. लाइटनिंगचा असेल तर ॲपलचं यूएसबी ३ कॅमेरा ॲडॅप्टर घ्या, ज्यात चार्जरही खोचता येतो. 'या उपकरणाला फार वीज लागते' अशी सूचना आली तर इंटरफेस बिघडलेला नाही. चार्जर लावा किंवा मध्ये स्वतःची वीज असलेला हब ठेवा. अँड्रॉइडमध्ये मिडी ६.० आवृत्तीपासून आहे, ओटीजी केबल लागते. ब्लूटूथवाल्या मिडी डबीही मिळतात. पॅड किंवा स्ट्रिंग्ज धरून ठेवायला त्या चालतात. ढोलकीचे पीसेस वाजवायचे असतील तर वायरच वापरा.

वायर लावताना होणारी सगळ्यात मोठी चूक नावांची. इंटरफेसच्या ज्या प्लगवर 'आउट' लिहिलंय तो कीबोर्डच्या 'इन'मध्ये जातो, 'इन' लिहिलेला 'आउट'मध्ये. बाहेर जाणारं दुसऱ्याच्या आत, असं घोकून ठेवा. काही स्वस्त केबलींवर नेमकं उलट, म्हणजे कुठे खोचायचं त्याचं नाव छापलेलं असतं. काहीच चाललं नाही तर दोन प्लगांची अदलाबदल करून बघायची. त्याने काही जळत नाही.

वायर लांब हवी असेल तर घरी बनवता येते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत 'पाच पिनी डिन प्लग, १८० अंशाचा' असं नेमकं मागा, कारण २४० अंशाच्या कमानीचाही पाच पिनी प्लग असतो आणि तो इथे बसत नाही. दोन तारांची, जाळीवाली माइकची केबल घ्या. प्लगमध्ये पिनांचे आकडे ओळीने नसतात. कमानीत मधली २, तिच्या दोन बाजूंना ४ आणि ५, टोकांना १ आणि ३. चारला चार, पाचला पाच, जाळी दोनला जोडायची. टोकाच्या दोन मोकळ्या राहतात. लांबी १५ मीटरच्या आत ठेवा. जुन्या टेपरेकॉर्डरची डिन केबल सापडली तर मल्टिमीटरने चार-पाच तपासल्याशिवाय वापरू नका. तिच्यात तारा फिरवलेल्या असू शकतात.

जोडणी झाली की घाईने रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडू नका. एका वेळी एकच दिशा तपासायची. आधी कीबोर्डकडून लॅपटॉपकडे. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, आयपॅडवर मिडी रेंच असं एखादं साधं दर्शक ॲप उघडा आणि मधला सा, म्हणजे पियानोचा मिडल सी, दाबा. नोट ६० दिसली पाहिजे. यामाहा तिला सी३ म्हणते आणि रोलँड सी४, त्यामुळे नावाकडे न बघता आकड्याकडे बघा. हळू-जोरात दाबून व्हेलॉसिटीचा, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याचा, आकडा बदलतो का पाहा. जुनो-१०६सारख्या यंत्राच्या पट्ट्यांना जोर कळतच नाही, तिथे आकडा एकच राहणार. डीएक्स७ कितीही जोरात दाबला तरी १२७ला पोचत नाही. उलट नव्या कीबोर्डवरून डीएक्स७ वाजवला तर तो फार टोकदार, कर्कश वाटतो, कारण त्याच्या आवाजांना एवढ्या जोराची सवय नाही. काही न दाबता दर्शकावर सतत 'ॲक्टिव्ह सेन्सिंग' येत असेल तर आनंद माना: कीबोर्ड 'मी जिवंत आहे' असं दर ३०० मिलिसेकंदांच्या आत सांगतोय, म्हणजे वायर आणि ऑप्टोकपलर दोन्ही ठीक आहेत.

मग उलट दिशा. इथे चॅनल, म्हणजे दोन्ही यंत्रं ज्या क्रमांकावर बोलतात तो, जुळवावा लागतो. मूळ डीएक्स७ फक्त चॅनल १वरच पाठवतो, त्यावर उपाय नाही. जुनो-१०६च्या मागे तीन अवस्थांचा खटका आहे. पहिल्या अवस्थेत फक्त नोट्स, दुसरीत बेंडर आणि पॅच बदलही, तिसरीत स्लायडरच्या हालचालीसुद्धा. 'पॅच बदलत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा या खटक्याचीच असते. आणि आयपॅडवरचा गॅरेजबँड बाहेरच्या यंत्राला मिडी पाठवतच नाही. त्यात सेटिंग शोधण्यात संध्याकाळ घालवू नका, क्युबेसिस किंवा एयूएमसारखं ॲप वापरा. विंडोजवर आणखी एक अडचण: जुन्या पद्धतीच्या बऱ्याच ड्रायव्हरांत मिडी पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. दर्शक ॲप उघडं राहिलं की रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर पोर्ट सापडत नाही म्हणून कुरकुरतं.

दोन्ही दिशा चालू झाल्या की लगेच पुढचा घोळ सुरू होतो: प्रत्येक सूर दोनदा वाजतो. पट्टी दाबल्यावर कीबोर्ड स्वतः वाजवतो, तीच नोट लॅपटॉपला जाऊन परत येते आणि तो पुन्हा वाजवतो. आवाज नळीतून आल्यासारखा होतो आणि पॉलिफनी, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची संख्या, अर्धी होते, डीएक्स७चे १६ सूर ८वर येतात. उपाय म्हणजे कीबोर्डवर 'लोकल कंट्रोल' बंद करणं. मग पट्ट्या आणि आवाजाचं यंत्र वेगळं होतं. मूळ डीएक्स७मध्ये ही सोयच नाही, तिथे सॉफ्टवेअरमधल्या त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवायचं. आणि लोकल बंद असताना लॅपटॉप काढून कार्यक्रमाला गेलात तर कीबोर्ड मुका असेल. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत हे लक्षात येणं फार महागात पडतं. काही यंत्रं बंद-चालू केल्यावर लोकल आपोआप परत चालू करतात, काही नाही. आपलं कोणतं ते घरीच पाहून ठेवा.

ट्रान्सपोजचा गोंधळ तर खास आपल्याकडचा, कारण गायकाच्या पट्टीप्रमाणे ट्रान्सपोज लावून एकाच फिंगरिंगने वाजवायची सवय आपल्याकडे सर्रास. समजा गायक काळी एकमध्ये गातोय, म्हणून ट्रान्सपोज +१ ठेवलाय आणि बोटं पांढरी एकवरून चाललीत. बऱ्याच कीबोर्डांत हा ट्रान्सपोज बाहेर जाणाऱ्या नोट्सनाही लागतो, म्हणजे लॅपटॉपमध्ये काळी एक नोंदली जाते. परत वाजवताना काही यंत्रं येणाऱ्या नोट्सना पुन्हा +१ लावतात आणि गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. रेकॉर्डिंगच्या वेळी कीबोर्डचा ट्रान्सपोज शून्यावर ठेवावा आणि पट्टी सॉफ्टवेअरमध्ये बदलावी, हे माझं ठाम मत.

मींड घेणाऱ्यांसाठी पिच बेंडचं, म्हणजे सूर वर-खाली सरकवणाऱ्या चाकाचं किंवा दांडीचं, पथ्य. लॅपटॉपमधला आवाज आणि कीबोर्डमधला आवाज दोघांची बेंड रेंज सारखी नसेल तर तीच मींड एका ठिकाणी गंधारावर पोचते आणि दुसरीकडे पंचमाच्या पलीकडे. नव्या यंत्रांत ही रेंज मिडीवरून पाठवता येते: कंट्रोलर (क्रमांकाने ओळखला जाणारा मिडी संदेश) १०१ला ०, १००ला ०, मग ६ला हव्या तेवढ्या अर्धस्वरांचा आकडा. ऐंशीच्या दशकातली बरीच यंत्रं हे ऐकून घेत नाहीत, त्यांच्यावर ती पॅनलवरूनच ठेवावी लागते. शिवाय मानकात बेंडला १६,३८४ पायऱ्या असल्या तरी काही जुने कीबोर्ड १२८च पायऱ्या वापरतात. रेंज १२वर नेली की मींडेचा जिना ऐकू येतो. अशा यंत्रावर रेंज २ किंवा ३च बरी.

आवाज बदलायला नुसता प्रोग्रॅम नंबर पुरत नाही, बँकही लागते. रोलँड एक्सपी मालिकेत यूझर बँकेसाठी कंट्रोलर ०ला ८० आणि ३२ला ०, प्रिसेट एसाठी ८१ आणि ०. त्यानंतर प्रोग्रॅम नंबर पाठवायचा, हाच क्रम. एक घर पुढचा किंवा मागचा आवाज लागला तर एकजण ० पासून आणि दुसरा १ पासून मोजतोय, एवढंच.

हे सगळं नोट्सचं झालं. प्रत्यक्ष आवाज ऑडिओ इंटरफेसमधूनच, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या वेगळ्या डबीतूनच, आत घ्यायचा, मिडीच्या वायरीतून आवाज येत नाही. हे इतकं उघड आहे की कुणी सांगत नाही, आणि मग लोक विचारत बसतात. कीबोर्डच्या एल/मोनो आणि आर जॅकवरून दोन साध्या पाव इंची केबली लाइन इनपुटला. इंटरफेसवरचं 'इन्स्ट' बटण बंद, ते गिटारसाठी आहे. कीबोर्डचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवा आणि गेन असा लावा की सगळ्यात जोरातला सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. खरखर येत असेल तर जॅक आणि व्हॉल्यूमचा स्लायडर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. दोन-तीन पावसाळे माळ्यावर काढलेल्या यंत्राला याची गरज असतेच.

हमिंगचा शोध असा घ्या. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर चार्जर आणि कीबोर्ड यांच्या अर्थिंगमधून लूप झालाय. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. तरीही उरलं तर कीबोर्ड आणि इंटरफेसच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स घाला आणि त्याचा ग्राउंड-लिफ्ट खटका (ऑडिओ केबलमधली अर्थिंगची जोडणी तोडणारा) उचला. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारे मंडपात भेटतात. हमिंग जातं हे खरं, पण धातूच्या बॉडीत गळती झाली तर तिला जायला तुमचा हातच उरतो. तो सल्ला ऐकू नका.

उशीर किती? मिडीचा एक बाइट ३२० मायक्रोसेकंद घेतो, तीन बाइटची नोट जेमतेम एक मिलिसेकंद. म्हणजे मिडी दोषी नाही. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर २.७ मिलिसेकंद, ५१२चा जवळपास ११, आणि हा उशीर जाताना-येताना दोनदा लागतो. वाजवताना कीबोर्डचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून ऐका. आधी नोंदलेल्या नोट्स कीबोर्डवरून वाजवून ऑडिओ नोंदवताना मात्र तो थोडा मागे पडतो. मेट्रोनोमच्या ठोक्यावर एक कडक तालवाद्याचा आवाज नोंदवा, किती सॅम्पल मागे आला ते मोजा, आणि तेवढी उणी भरपाई एक्स्टर्नल इन्स्ट्रुमेंटच्या सेटिंगमध्ये टाका.

शेवटचं काम टाळू नका: यंत्रातले आवाज लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवणं. बहुतेक जुन्या सिंथची मेमरी आतल्या एका सीआर२०३२ सेलवर जगते आणि सेल मेला की बनवलेले सगळे आवाज जातात. डीएक्स७वर फंक्शनमध्ये जा, बटण ८ दाबत राहा, 'सिस इन्फो अनअव्हेल' दिसलं की 'येस' दाबून 'अव्हेल' करा. पुन्हा ८ दाबलं की 'मिडी ट्रान्समिट?' विचारतो. लॅपटॉपवर मिडी-ऑक्स किंवा सिस-एक्स लायब्रेरियन ऐकायला लावून ठेवा आणि 'येस' म्हणा. ३२ आवाजांची फाइल बरोबर ४,१०४ बाइटची भरली पाहिजे. एक बाइट कमी आला तरी ती टाकून द्या आणि आधी इंटरफेसवर संशय घ्या. रोलँडवर डिव्हाइस आयडी जुळावा लागतो: पॅनलवर १७ दिसतो तो संदेशात हेक्साडेसिमल १० असतो, आणि या फरकापायी चांगल्या फाइलीही नाकारल्या जातात. मोठा डंप पाठवताना मिडी-ऑक्समध्ये तुकड्यांमध्ये ५०-६० मिलिसेकंदांची विश्रांती ठेवा. जुन्या प्रोसेसरला गिळायला वेळ लागतो.

फाइल हातात आली की मगच सेल बदला. वीज काढून थोडा वेळ थांबा. डीएक्स७मध्ये सेल पत्र्याच्या पट्ट्यांनी डाग देऊन बसवलेला असतो, तिथे सरळ नवा सेल झाळू नका. सेलचा होल्डर बसवा, म्हणजे पुढच्या वेळी सोल्डरिंगची कटकट नाही. नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो का ते आधी मीटरवर पाहा, दुकानात वर्षानुवर्षं पडलेलेही हातात ठेवले जातात. यंत्र चालू केल्यावर आवाजांच्या नावांच्या जागी अगम्य अक्षरं दिसतील, घाबरायचं नाही. मेमरी प्रोटेक्ट इंटरनल बंद करा, सिस इन्फो पुन्हा 'अव्हेल' करा, चॅनल १ आहे ना बघा आणि फाइल परत पाठवा. दीड सेकंदाच्या आत ३२ आवाज जागच्या जागी येतात. मग मेमरी प्रोटेक्ट पुन्हा लावून टाका.